कुलूप गिळणारा दरवाजा

ग्राही, म्हणजे संप्रेरकाला धरून त्याचा निरोप आत पोचवणारी पेशीवरची प्रथिने, शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर हमखास कुलूप-किल्लीचे चित्र काढतो. मीही वर्षानुवर्षे काढले. वृद्धी संप्रेरकाच्या बाबतीत मात्र ते पहिल्या काही मिनिटांपुरतेच खरे ठरते, कारण किल्ली फिरली की कुलूपच गिळून टाकणारा दरवाजा मी तरी पाहिलेला नाही, आणि पेशी नेमके तेच करते.

१९१ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून सलग नव्हे, तर थांबून थांबून स्रवते. त्याचा एकच रेणू आपल्या दोन निरनिराळ्या बाजूंनी दोन ग्राहींना धरतो, हे १९९२ मध्ये स्फटिकरचनेतून दिसले. या पकडीने ग्राहींची जोडी किंचित वळते, त्यांच्या आतल्या टोकांना चिकटलेली जॅक-२ ही विकरे एकमेकांना फॉस्फेट जोडून जागी होतात आणि स्टॅट-५बी हे प्रथिन तो निरोप पोचवायला केंद्रकात शिरते. (प्रयोगातल्या पेशींवर संप्रेरकाचा भडिमार केला, तर प्रत्येक ग्राहीला आपापला रेणू मिळतो, जोडी जुळत नाही आणि प्रतिसाद उलट घटतो!)

मला खरे कौतुक वाटते ते पुढच्या भागाचे. स्टॅट-५बी वाढीची जनुके चालू करते, तसेच सॉक्स-२ या प्रथिनाचे जनुकही चालू करते. म्हणजे निरोप्या आत येतानाच स्वतःच्या हकालपट्टीचा हुकूम काढून ठेवतो. सॉक्स-२ ग्राहीच्या आतल्या शेपटीला चिकटते आणि तिच्यावर युबिक्विटिनची, म्हणजे मोडीत काढण्याची, खूण करवते. दुसरीकडे काही विकरे जोडलेले फॉस्फेट उतरवत असतात, आणि पेशीपटलावरचे ग्राही आत ओढले जाऊन लायसोसोम या पेशीतल्या पाचक पिशव्यांमध्ये पचवले जातात. संप्रेरक आलेले नसतानाही हे काम थोडेफार चालूच असते.

सॉक्स-२ नसलेल्या उंदरांचे वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ही पिल्ले दूध सुटल्यानंतर भावंडांपेक्षा मोठी दिसू लागतात, त्यांची हाडे लांब होतात आणि बहुतेक अवयव त्याच प्रमाणात वाढतात. निरोप तोच, तो थांबवणारे कोणी नाही, एवढाच फरक.

दीर्घ उपवासात तर एकाच रक्तातले संप्रेरक दोन ठिकाणी वेगवेगळे ऐकले जाते. इन्सुलिन घटल्याने यकृतातील ग्राही कमी होतात, त्यामुळे संप्रेरक वाढलेले असूनही यकृतात बनणारे, वाढीला चालना देणारे आयजीएफ-१ हे संप्रेरक खाली येते. चरबीच्या पेशी मात्र त्याच निरोपाला प्रतिसाद देत साठवलेली चरबी मोकळी करत राहतात.