प्रेशर गेजवरची पांढरी टेप

मी एका मोठ्या क्रूझ जहाजावर पर्यावरण अधिकारी होतो. प्रवाशांना या पदाचा अर्थ प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि ओल्या-सुक्या कचऱ्याची विभागणी एवढाच वाटतो, परंतु माझा निम्मा वेळ जहाजाच्या तळाशी, बिल्जच्या पाण्याच्या हिशेबात जात असे. पंपांच्या सीलमधून गळणारे समुद्राचे पाणी, इंधनाचे ओघळ आणि धुण्याची रसायने तळाच्या खळग्यांत जमतात. हे पाणी समुद्रात सोडताना, जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार जहाज चालते असावे लागते आणि तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांवर जाता कामा नये. तेल वेगळे करतो सेपरेटर आणि त्याच्यावर पहारा ठेवतो तेलमापक, जो मर्यादा ओलांडताच गजर करतो व पाण्याची समुद्राकडची वाट बंद करतो.

त्या दिवशी आम्ही नॉर्वेतील गायरांगरच्या फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीतून, बाहेर पडून बर्गनकडे निघालो होतो. सकाळी ऑइल रेकॉर्ड बुक, म्हणजे जहाजावरच्या तेलाच्या व तेल्या पाण्याच्या हिशेबाची वही तपासताना, बिल्जचे पाणी बाहेर सोडल्याच्या ‘डी’ संकेताखालच्या एका नोंदीपाशी मी थांबलो. रात्रीच्या चार तासांत १८ घनमीटर पाणी बाहेर गेले होते. आमच्या सेपरेटरची क्षमता कागदावर तासाला ५ घनमीटर असल्याने त्या नोंदीत बाहेरच्या तपासनिसाला काहीच वावगे दिसले नसते. पण त्याचे कोअलेसर, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकत्र आणणारे फिल्टर तीन आठवड्यांपासून चोंदलेले होते आणि त्या काळात तो तासाला २ घनमीटरांपुढे कधी गेला नव्हता. हे मला नेमके ठाऊक होते, कारण टाक्यांची साउंडिंग, म्हणजे पातळीची मोजमापे, मी रोज स्वतः वहीत उतरवत असे.

मग मी तेलमापकाची साठवलेली माहिती उघडली. नव्या नियमांच्या मापकांना १८ महिन्यांच्या नोंदी जपाव्या लागतात. चारही तास तेलाचा आकडा दहा लाखांत २ भागांवर स्थिर होता. बिल्जचे पाणी असे वागत नाही. टाकीतली पातळी उतरू लागली की वरचा तेलाचा थर पंपाच्या तोंडाशी येतो, जहाज डोलले की गाळ ढवळतो, आकडा ४ वरून ९ वर, तिथून १२ वर चढतो, पुन्हा उतरतो, मध्येच एखादा गजर होतो. इतकी सपाट रेषा स्वच्छ पाणी फिरवले तरच मिळते.

कोणी छेडछाड करू नये म्हणून झडपांवर लावलेली सगळी क्रमांकित सील शाबूत होती, त्यांचे क्रमांकही वहीशी जुळत होते. पाऊण तास टॉर्च घेऊन मी तेलमापकाकडे पाण्याचा नमुना नेणारी नळी वितीवितीने तपासली, तेव्हा प्रेशर गेजच्या आट्यांवर पांढरीशुभ्र टेफ्लॉन टेप दिसली. त्या खोलीत आठवड्याभरात प्रत्येक वस्तूवर करडा चिकट थर बसतो. गेज काढून तिथे रबरी नळी जोडली होती, नमुन्यात गोडे पाणी मिसळले होते आणि काम उरकल्यावर गेज पुन्हा बसवले होते. त्या गेजवर सील नव्हतेच, आणि दर सोमवारी ‘सर्व सील तपासली’ अशी सही करताना ते माझ्याही कधी ध्यानात आले नव्हते.

रात्रपाळीचा मोटरमन, म्हणजे इंजिन खोलीतला खलाशी, दापोलीकडचा होता. त्याने लपवाछपवी केली नाही. “साहेब, टाकी भरून वाहिली असती तर जाब मलाच विचारला असता ना? मला सांगितलं ते मी केलं.” कोणी सांगितले, हे मात्र त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. आमच्या दोघांच्याही किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराच्या गोळ्या येतात, आणि लहानपणी आम्ही दोघांनीही रॉकेलच्या बोळ्याने तळवे पुसलेले आहेत. हे त्याच्याशी बोलावे असे त्या क्षणी मनात आले, पण समोर जबाबाचा कागद होता.

कॅप्टनने क्षणभरही टाळाटाळ केली नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. सेपरेटर बंद झाला, जहाजाची नोंदणी असलेल्या देशाला कळवले गेले आणि उरलेले पाणी बर्गनला किनाऱ्यावर उतरवले. असा प्रकार पूर्वीही घडला होता: प्रिन्सेस कंपनीच्या कॅरिबियन प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर २०१३ मध्ये नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरने तेल्या पाण्याला थेट समुद्रात सोडणारी छुपी नळी उघडकीस आणली होती. तिथेही नोंदी खऱ्या वाटाव्यात म्हणून यंत्रातून स्वच्छ पाणी फिरवले जात होते. २०१६ मध्ये प्रिन्सेस कंपनीने अमेरिकेत गुन्हा मान्य करून ४ कोटी डॉलरचा दंड स्वीकारला, आणि तेल्या पाण्याची बंदरात रीतसर विल्हेवाट लावण्याचा खर्च वाचवणे हा हेतू तिथल्या सरकारी वकिलांनी उघडपणे मांडला.

माझ्या अहवालालाही खर्चाचीच परिशिष्टे होती: फिल्टरसाठी जहाजाने पाठवलेली तीन मागणीपत्रे आणि ‘पुढील ड्राय डॉकमध्ये पाहू’, म्हणजे जहाज दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढले जाईल तेव्हा पाहू, हे कार्यालयाचे उत्तर. कंपनीने सर्व जहाजांना जो अहवाल पाठवला, त्यात मोटरमनची चूक, प्रशिक्षणाची गरज आणि यापुढे गेजलाही सील लावण्याची सूचना होती. परिशिष्टे नव्हती. मी कार्यालयाला दोनदा लिहिले. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

मोटरमनला बर्गनहूनच विमानाने घरी पाठवले. नवे कोअलेसर फिल्टर चौथ्या दिवशी, पुढच्याच बंदरात जहाजावर आले.