जमेची बाजू कोरी

बडोद्याला जायचं कारण मला नाशिकला सापडलं. आमच्या क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थावरच्या आमच्या कुळाच्या पुरोहितांच्या, वहीत माझ्या पणजोबांनी शके 1805 मध्ये, म्हणजे 1883 साली, नामावळी लिहिली आहे. सतरा वर्षांच्या मुलाचं टपोरं अक्षर. स्वतःचं नाव, गाव, आईचं नाव आणि खाली तीन शब्द : 'वडील वस्ती बडोदे'.

हे वडील म्हणजे माझे खापरपणजोबा. आमच्या घरात त्यांच्याबद्दल कुणी कधी बरं बोललं नाही. तान्हं मूल टाकून ते कोकणातून बडोद्याला गेले आणि परत आले नाहीत. "माणूस आला नाही, नुसत्या हुंड्या आल्या," असं आजी म्हणायची. तिकडे दुसरं घर केलं असणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. खापरपणजी मात्र मरेपर्यंत कुंकू लावत होती. लहानपणापासून हे ऐकल्यामुळे माझाही त्या माणसावर राग होता.

पहिले दोन दिवस एका सरकारी दप्तरात गेले. अर्ज लिहा, ओळखपत्राची झेरॉक्स आणा, आता साहेब जेवायला गेलेत, उद्या या. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला निदान बसायला खुर्ची तरी द्यावी! हाती एकच गोष्ट लागली. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीतल्या पागेच्या यादीत त्यांचं नाव आहे, हुद्दा कारकून. 1870 च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. भावाच्या मर्जीतल्या लोकांवर मल्हाररावांचा किती डूख होता, हे बडोद्याच्या इतिहासात जागोजाग दिसतं. पुढच्या याद्यांत आमचं नाव नाही. म्हणजे नोकरी गेली, मग घरी का नाही आले? माझा राग वाढलाच.

लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला, सेव-उसळ खाल्ली, सूरसागरच्या काठावर डास चावले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी दांडिया बाजारात आमच्या भाऊबंदांकडे गेले. सात पिढ्यांपूर्वीचं नातं, पण काकूंनी दारातच "पाणी प्या ने आधी" म्हटलं आणि चहा होईपर्यंत मला अगं-तुगं करू लागल्या. खापरपणजोबा याच घरात राहत होते, त्यांच्या चुलतभावाकडे. माळ्यावरच्या पेटीतून काकूंनी लाल खारव्यात बांधलेली लांबट वही काढली. घरखर्चाची, मोडीत. शेजारचे निवृत्त मास्तर मोडी वाचतात, त्यांना बोलावलं.

वही उघडली तशी पानांमधून बारीक वाळू सांडली. शाई वाळावी म्हणून टाकलेली, दीडशे वर्षं तिथेच होती. मी ती बोटाने गोळा करून पुन्हा पानात सारली, का ते सांगता येणार नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. मास्तर रेघेखाली बोट ठेवून, थांबत थांबत वाचत होते.

खापरपणजोबांचं वेगळं खातं होतं. डावीकडे जमा : ते दरमहा चुलतभावाकडे देत ते बाबाशाही रुपये, बडोद्याचं स्वतःचं नाणं. उजवीकडे नावे : 'घरी रवाना', मुंबईच्या पेढीवरची हुंडी. बाबाशाही रुपया इंग्रजी रुपयापेक्षा हलका, म्हणून वटाव कापलेला. पाठवायचे आठ, घरी पोचायचे त्याहून कमी. वाचताना मला प्रत्येक वेळी त्या वटावाचं वाईट वाटत होतं. 1871 पासून जमा आठावरून पाचावर आली, पुढे तीनवर. घरी मात्र पाचच्या खाली कधी गेले नाहीत.

मग शके 1794, भाद्रपद. औषधास. पुन्हा औषधास. आणि त्याच्या खाली, 'क्रियेस चांदोद, रुपये अकरा'.

मास्तरांनी चष्मा काढला. चांदोद म्हणजे नर्मदेचा संगम, बडोद्याची माणसं तिथेच क्रियाकर्म करतात. म्हणजे 1872 मध्येच ते गेले होते. पणजोबांनी 'वडील वस्ती बडोदे' लिहिलं त्याच्या अकरा वर्षं आधी.

मला वाटलं, खातं इथे संपलं. मास्तरांनी पान उलटलं. डावी बाजू कोरी. उजवीकडे आश्विन, 'घरी रवाना', रुपये पाच. कार्तिक, पाच. मार्गशीर्ष, पाच. शके 1796 मध्ये 'चिरंजीवाचे मुंजीस', पंचवीस. शके 1798 ला वही संपते, तोवर एकही महिना चुकलेला नाही. जमेला एक पैसा नाही.

"कळवलं का नाही त्यांनी?" मी जवळजवळ ओरडलेच.

काकू वहीवरून हात फिरवत होत्या. "किती वर्षांची होती रे ती तेव्हा?" त्यांनी मास्तरांना विचारलं, जणू मास्तरांना माहीत असणार. मीच सांगितलं, वीस-एकवीस. "मग," काकू म्हणाल्या, "कळवलं असतं तर न्हावी बोलावला असता घरी."

मी काहीच बोलले नाही. त्या बाईला चाळीस वर्षं वाट पाहायला लावली, हे मला अजूनही पटत नाही. त्या चाळीस वर्षांत तिच्या डोक्यावर केस होते, कपाळावर कुंकू होतं, चार माणसांत जाता येत होतं, हेही खरं. तिच्या जागी मला काय हवं असतं, याचा विचार मी परतीच्या गाडीत वापीपर्यंत करत होते.

निघताना मी काकूंना म्हटलं, नाशिकला जाऊन नामावळीतली ती ओळ दुरुस्त करते, खाली खरी तिथी लिहिते.

"राहू दे ने," काकू म्हणाल्या. "बडोद्यालाच होते की ते."