भलत्याच कव्हरातल्या रेकॉर्डी

जुलै लागला की आमच्या मंडळींत जॅझवर कमी आणि बुरशीवर जास्त बोलणं होतं. गोव्यात रेकॉर्डी जमवायच्या म्हणजे वर्षातले चार महिने त्या ऐकायच्या कमी आणि वाचवायच्या जास्त. कव्हरांवर तपकिरी ठिपके, कपाट उघडलं की तो कुबट वास, आणि रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की खाचांमध्ये पांढरी जाळी. पुण्याचा एक मित्र दरवर्षी फोनवर विचारतो, अरे एसी का लावत नाहीस खोलीला. लावला असता रे बाबा, पण इथे वारा सुटला की माड वायरींवर आणि लाईट गुल, मग तुझा एसी काय वल्ह्यांनी चालवू?

तर धुलाई. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश आणि खाचेच्या दिशेने गोल गोल फिरवायचं, आडवं घासायचं नाही, मधल्या लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. मग सुकवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं. बारा इंची एलपी, म्हणजे मोठी लाँग प्ले रेकॉर्ड, ताटाळ्यात अशी बसते की बनवणाऱ्याने माप घेऊनच बनवलंय असं वाटतं. आमच्या घरात यावरून दर पावसाळ्यात वाजतं. "अहो, पाहुणे आलेत, ताटं कुठे मांडू मी, तुमच्या त्या एलिंग्टनच्या डोक्यावर?" असं परवाच ऐकलं, तेही पाहुण्यांसमोर.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो कारण फोंड्यातल्याच एका ओळखीच्यांनी आजोबांच्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डींचं असं वाटोळं केलंय. ७८ आरपीएमच्या जुन्या तव्यांना, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डींना, स्पिरिट लावू नका. आयसोप्रोपाइल पण नको, कसलंच अल्कोहोल नको. विनाइलला, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकला, थोडं चालतं, पण ७८ विनाइलची नाही, ती लाखेची, लाखेत दगडाची पूड मिसळून दाबलेली. फर्निचर पॉलिशवाला स्पिरिटमध्ये चपडा विरघळवतो ना, तोच हा चपडा. एकदा पुसलंत की बालगंधर्व असो नाहीतर जॅझचा ट्रम्पेटवाला आर्मस्ट्राँग असो, सगळे फडक्यावर येतात. आणि एलपीची सुई पण ७८ वर टाकू नका, तिची खाच खूप रुंद असते, बारीक सुई तळात जाऊन नुसती खरखर उचलते.

आता मंडळींबद्दल. रविवारी आम्ही हळदोण्याला जमतो, अंकलच्या बलकांवावर, म्हणजे ओसरीवर. अंकल म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडील, तरुणपणी मुंबईला हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचे, आता दात गेले त्यामुळे ट्रम्पेट पण गेला, असं तेच हसत सांगतात. शाळेतून रिटायर झालेले एक सर आहेत, एक डॉक्टर आहे, आणि एक आहे त्याला सगळे पात्रांव म्हणतात, त्याचे वडील तारवटी होते. बोटीवरचे लोक त्या काळी बंदरा-बंदरातून रेकॉर्डी आणायचे म्हणून त्याच्याकडचा माल आम्हा सगळ्यांपेक्षा भारी आहे आणि हे तो आम्हाला विसरू देत नाही. मी फोंड्याहून स्कूटरने जातो. अंकल मिस्साहून येतात, पोदेर म्हणजे पाववाला येऊन गेलेला असतो, गरम पोई आणि चहा, आणि पहिला तासभर जॅझचं नाव नाही. इसवणाचा भाव काय झाला, सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, शेजारचं घर दिल्लीवाल्याने घेतलं आणि विहिरीवर पंप बसवला, कुणाचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला आणि आता वेअरहाऊसमध्ये नाईट करतो. मग कुणीतरी म्हणतं, लाव रे काहीतरी.

पासपोर्टचा विषय रेकॉर्डींपासून लांबचा वाटेल पण नाही. घरं रिकामी होतात तेव्हाच रेकॉर्डी बाहेर पडतात. आई-वडील गेले, मुलं लिस्बनला नाहीतर टोरोंटोला, घराला कुलूप, मग एक दिवस घर विकलं जातं आणि भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. त्यात काय असेल सांगता येत नाही. अमालियाचे फादो, म्हणजे पोर्तुगीज गाणी, असतात, अमेरिकन गायक जिम रीव्ह्ज तर असतोच असतो, गोव्यातल्या क्रिस्तांव घरात जिम रीव्ह्ज नाही असं मी अजून पाहिलं नाही. आणि कव्हर आणि आतली रेकॉर्ड यांचा संबंध असेलच असं नाही. वाढदिवसाच्या पार्टीत रात्री बारा वाजता कोण बघतो कुठली कशात घातली. म्हणून मी कव्हर बघून खोकं सोडत नाही, प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढतो, भंगारवाला वैतागतो, वैतागू दे. जिम रीव्ह्जच्या ख्रिसमसच्या कव्हरात मला जॅझवाला ब्रुबेक सापडलाय, तो पाच मात्रांवाला. मधल्या लेबलावर कुणीतरी निळ्या शाईने फक्त 'मारियाचो' असं लिहिलेलं. म्हणजे मारियाचा. कोण मारिया, तो कोण, देव जाणे.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. बाहेरचे लोक येतात, विशेषतः डिसेंबरात, आणि विचारतात की गोवन जॅझच्या रेकॉर्डी कुठे मिळतील. एवढी गोव्याची माणसं जॅझ वाजवत होती म्हणता, मग एलपी दाखवा. आणि दाखवायला फार काही नसतं. अमान्सियो डिसिल्व्हा आहे, आई-वडील गोव्याचे, जन्म मुंबईचा, १९६९ साली लंडनमध्ये त्याच्या ज्या एलपी निघाल्या त्यांच्या मूळ प्रती आमच्यासारख्यांनी फक्त फोटोत बघायच्या. क्रिस पेरी आणि गायिका लॉर्नाच्या कोकणी ईपी, म्हणजे छोट्या रेकॉर्डी, आहेत, त्यात जॅझ ठासून भरलाय पण दुकानवाला त्या कोकणी गाण्यांत ठेवतो. बाकीचा सगळा जॅझ कुठे गेला तर हिंदी सिनेमात.

चिक चॉकलेट घ्या. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव हेच, हळदोणें. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्याचा ट्रम्पेट ऐकायचाय तर जॅझच्या खणात हात घालून उपयोग नाही, सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डी काढा. आपले अण्णा, पुणतांब्याचे चितळकर, त्यांनी या लोकांना स्टुडिओत आणलं आणि १९५१ च्या 'अलबेला'त तर चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावरच आहे, झालरीवाल्या बाह्या घालून, आणि समोर नाचतायत भगवानदादा. मी लहानपणापासून कितीदा बघितलाय तो सिनेमा, सगळं लक्ष दादांच्या पायांकडे. मागे ट्रम्पेट घेतलेला माणूस आपल्याच हळदोण्याचा आहे हे कुणी सांगितलंच नाही.

आणि सांगणार कसं? तव्याच्या लेबलावर सिनेमाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. वाजवणाऱ्याचं नाव नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं सोल्फेज, म्हणजे सूर वाचून गाणं, शिकायची, व्हायोलिन शिकायची, स्टाफ नोटेशन वाचायची, म्हणून मुंबईच्या स्टुडिओंना ती हवी होती. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी अरेंजमेंट लिहायचे, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांचं नाव लोकांना कळलं ते त्यांचा विद्यार्थी प्यारेलाल यांनी एका गाण्यात घातलं म्हणून, आणि तरी अर्ध्या देशाला वाटतं ते अमिताभचं पात्र. आमच्या सरांचं म्हणणं असं की सिनेमाचं संगीत जॅझच्या खणात ठेवणं म्हणजे जरा ओढून-ताणून होतंय, तीन मिनिटांचं गाणं, त्यात ट्रम्पेटला चार ओळी, सोलो कुठाय? अंकल त्या दिवशी पोई तशीच टाकून उठले. "तें आमचें न्हय जाल्यार कोणाचें?" दिवसा रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात बँड, माणूस तोच, ओठ तेच, म्हणे दुपारी तीनला जॅझ नव्हता आणि रात्री नऊला झाला की काय. मला अंकलचं पटतं. आणि तीन मिनिटांचं म्हणाल तर आर्मस्ट्राँगला पण दहा इंची तव्यावर तेवढीच मिळायची.

मग वातावरण निवळायला डॉक्टरने माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावली. तिची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. १९५९ मध्ये रेकॉर्ड करताना एक टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी ऐकताना थोडी वेगात आणि थोड्या चढ्या सुरात येतात, आणि हे दुरुस्त झालं थेट १९९२ च्या आवृत्तीत. अंकलना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या रेकॉर्डबरोबर वाजवून वाजवून मी मुंबईत माझा ट्रम्पेट दोनदा दुरुस्तीला टाकला रे.

खणांच्या या भांडणात मी माझं हुकमाचं पान शेवटी टाकतो. १९७७ ला नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड पाठवली, त्यात लुई आर्मस्ट्राँग आहे आणि आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर पण आहेत, भैरवी. एकाच रेकॉर्डवर दोघं. आणि केसरबाईंची ती रेकॉर्ड मिळाली कशी, तर बाजारात ती येणं बंद झालेलं, निवड करणाऱ्यांपैकी अ‍ॅन ड्रुयन न्यूयॉर्कभर शोधत फिरल्या आणि शेवटी लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती निघाल्या. मिक्सर आणि इस्त्र्यांच्या गर्दीत! हे वाचल्यापासून मी कुठल्याच दुकानाच्या टेबलाखाली बघायचं सोडत नाही, परवा म्हापशात एका इलेक्ट्रिकलवाल्याने मला विचारलं की तुमचं काही पडलंय का.

तर माझ्याकडे सध्या खणांची व्यवस्था अशी आहे की अलबेलाचे तवे आर्मस्ट्राँगच्या शेजारी, लॉर्ना एला फिट्झजेराल्डच्या शेजारी, आणि सर घरी आले की तोंड वाकडं करतात पण चहा घेतात. मारियाचा ब्रुबेक जिम रीव्ह्जच्या कव्हरातच ठेवलाय, काढायचं मन होत नाही.

जाता जाता एक काम. माझ्या प्लेअरला बसेल अशी ७८ ची सुई कुणाकडे जादा असेल तर सांगा, पणजी-मडगाव पालथं घातलं, नाही मिळाली. नासाने रेकॉर्डबरोबर सुई आणि कार्ट्रिज पण दिलंय म्हणे, परग्रहवासीयांची सोय झाली. चवथीपर्यंत मिळाली तर बरं, तेव्हा सगळे घरी असतात आणि ताटाळं तसंही माझ्या हातात राहत नाही.