तिसऱ्या प्रतिक्रियेला जागा नव्हती

दुपारी तीनच्या सुमाराला अथणीहून आमच्या वार्ताहर काकांचा फोन आला. "ताई, सवदींनी भाजप सोडली. काँग्रेसमध्ये चाललेत. सीमाभागाच्या पानावर जागा धरून ठेवा."

तारीख १४ एप्रिल २०२३. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांचे फोटो जिल्हाभरातून येत होते, खाली रस्त्यावर ढोल वाजत होते. कर्नाटकात १० मे रोजी विधानसभेचं मतदान होतं. लक्ष्मण सवदी अथणीचे तीन वेळचे आमदार, माजी उपमुख्यमंत्री, आणि त्यांना उमेदवारी नाकारलेली. अथणी आहे कर्नाटकात, पण तिथली माणसं दवाखान्याला मिरजेत येतात, आमचा अंक तिथं जातो. बातमी आमच्या घरचीच.

वृत्तसंपादक म्हणाले, "दोन्ही पक्षांच्या प्रतिक्रिया घ्या. चौकट करू."

ही चौकट मी किती वर्षं करते आहे! डावीकडे एक पक्ष, उजवीकडे दुसरा, मध्ये उभी रेघ. त्या दिवशी मात्र फोन लावण्याआधी मी फायलींच्या खोलीत गेले आणि फेब्रुवारी २०१२ चा गठ्ठा काढला.

७ फेब्रुवारी २०१२ हा दिवस आमच्या पिढीच्या डेस्कवरचं कोणीच विसरणार नाही. आमच्याकडे जिल्हा परिषदांचं मतदान होतं, टक्केवारीच्या आकड्यांत मान बुडालेली. संध्याकाळी टीव्हीवर बंगळूरच्या विधानसभेतली दृश्यं सुरू झाली. कामकाज चालू असताना सहकारमंत्री सवदी मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहत आहेत, शेजारी महिला व बालविकासमंत्री सी. सी. पाटील आहेत, असं वाहिन्या दाखवत होत्या. तिसरं नाव कृष्णा पालेमार यांचं आलं. दुसऱ्या दिवशी तिघांनी राजीनामे दिले. आपण काही गैर केलं नाही, पक्षाची अडचण नको म्हणून पद सोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

८ तारखेच्या रात्री प्रतिक्रिया मीच घेतल्या. काँग्रेसचे तालुक्यातले जुने कार्यकर्ते, त्यांना सगळे तात्या म्हणतात, पहिल्या रिंगलाच बोलले. सभागृह हे देवघर आहे, मंत्रिपद सोडून भागत नाही, आमदारकीचाही राजीनामा हवा. भाजपचे अण्णा मात्र अडखळले. "ताई, या विषयावर तुमच्याशी काय बोलू? तिथं पुरुष नाही का कोणी?" मी म्हटलं, मीच आहे. मग त्यांनी एका दमात सांगितलं की हा विरोधकांचा कट आहे, चित्रण अर्धवट दाखवलं आहे, चौकशी होईपर्यंत कोणी बोलू नये.

दोन कोट झाले. चौकट भरली. तेवढ्यात काकांचा फोन आला, त्यांच्याकडे एक बाई बसल्या होत्या. अथणी तालुक्यातल्या अंगणवाडी सेविका. नाव देऊ नका म्हणाल्या, पण बोलायचं आहे म्हणाल्या. काकांनी फोन त्यांच्या हातात दिला.

"आमच्या खात्याचा मंत्री हाय त्यो," त्या म्हणाल्या. "पोषण आहाराचं मोठं चित्र लावलंय आमच्या भिंतीवर, वरच्या कोपऱ्यात त्याचा फोटो. पोरींच्या आया रोज बघत्यात. आज मी त्ये चित्र उलटं करून लावलं. पाठीमागची कोरी बाजू वर. पण उद्या पोरींना आकडं कशावरनं शिकवू? गाजरं, केळी सगळी त्याच बाजूला हायती."

मी ते लिहून घेतलं. ऑपरेटरला चौकटीत तिसरा रकाना करायला सांगितला. वृत्तसंपादकांनी मान हलवली. नाव नाही, पक्ष नाही, ही प्रतिक्रिया कोणत्या बाजूची? मतदानाच्या टक्केवारीचा तक्ताही बसायचा होता. मी वाद घातला नाही. ओळी काढून टाकल्या आणि पान छपाईला सोडलं. काढणारा हात माझाच होता. त्याबद्दल मी आजवर कोणाला दोष दिलेला नाही, पण विसरलेही नाही.

आता २०२३ मध्ये त्याच पानावर बोट ठेवून मी तात्यांना फोन लावला. आवाज थकला होता, उत्साह तोच. "जनतेचा माणूस आमच्याकडं आला. तालुक्यात लाट येणार बघा." मी २०१२ चा विषय काढला. ते म्हणाले, "ते जुनं प्रकरण. त्यानंतर २०१३ ला लोकांनी त्यांना निवडून दिलं का नाही? लोकांच्या कोर्टात निकाल लागलाय." मी त्यांचाच कोट वाचून दाखवला. देवघर, आमदारकीचा राजीनामा, सगळं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "ते मीच बोललो होतो. ते आज छापू नका, ताई."

अण्णांनी तर माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. सभागृहात काय केलं ते साऱ्या देशानं पाहिलं आहे, असल्या माणसाला काँग्रेसनं पंखाखाली घेतलं, अथणीच्या आयाबहिणी उत्तर देतील. मी त्यांनाही जुना कोट ऐकवला. कट, अर्धवट चित्रण, चौकशी. अण्णा प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "त्या रात्री वरून फोन आला होता, काय बोलायचं त्याचा. आज सकाळी व्हॉट्सअॅपवर आलंय. खरं सांगू? त्या दिवशी घरात माझी सून टीव्हीपुढनं उठून गेली होती. मला काय वाटलं ते तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही पक्षाचं विचारलं."

हे वाक्य मला लागलं, कारण ते बरोबर होतं. मी माणसाला फोन करत होते आणि चिन्हाचं मत मागत होते.

अथणीचा इतिहास तर हेच दाखवतो. २०१८ मध्ये काँग्रेसचे महेश कुमठळ्ळी यांनी भाजपच्या सवदींना हरवलं. पुढच्या वर्षी कुमठळ्ळी भाजपमध्ये गेले, आणि त्याच वर्षी सवदी आमदार नसतानाही उपमुख्यमंत्री झाले. आता २०२३ मध्ये तीच दोन माणसं पाट्या बदलून समोरासमोर. महिन्याभरानं सवदी मोठ्या मतांनी जिंकले. मतदाराला कोणी काय म्हणावं? ऊस, पाणी, रस्ता, अडीअडचणीला उभा राहणारा माणूस, यावर तो मत देतो, आणि ते समजण्यासारखं आहे. मला राग येतो तो निषेधाचा. ज्या निषेधाची तारीख पक्षांतराच्या दिवशी संपते, तो आधीही निषेध नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेत काँग्रेसचे प्रकाश राठोड यांच्या मोबाइलवर तसलीच दृश्यं वाहिन्यांनी टिपली. मी नको असलेल्या फायली काढून टाकत होतो, असं ते म्हणाले. त्या दिवशी कारवाईची मागणी भाजपची होती. मधल्या काळात, २०१९ मध्ये, विधानसभा अध्यक्षांनी सभागृहात खासगी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना बंदी घातली होती. वर्तनाचा नियम कडक व्हायचा तो झाला कॅमेऱ्यासाठी. हे मला अजून पटत नाही.

असंच चालतं असं मात्र कोणी मला सांगू नये. १९५१ मध्ये हंगामी संसदेत एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याचा ठपका आला. मुदगल काँग्रेसचे. चौकशी समिती नेमण्याचा आणि नंतर हकालपट्टीचा, असे दोन्ही ठराव मांडले ते पंतप्रधान नेहरूंनी, स्वतःच्या पक्षाच्या खासदाराविरुद्ध. हकालपट्टीचा ठराव मंजूर होण्याआधीच मुदगल यांनी राजीनामा दिला. २००५ च्या डिसेंबरात प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात अकरा खासदार घालवले गेले. त्यात चार पक्षांचे लोक होते, तरी भाजपनं शिक्षा फार कठोर आहे म्हणून सभात्याग केला. दोन्ही प्रसंग याच देशातले आहेत.

संध्याकाळी सहाला मी काकांना विचारलं, त्या अंगणवाडीच्या बाई आहेत का. काका म्हणाले, निवृत्त झाल्यात, गावातच असतात. तासाभरानं त्यांनी फोन जोडून दिला.

मी माझी ओळख सांगितली, त्या रात्रीचं सांगितलं, आणि छापलं नाही याची माफी मागितली. त्या लगेच बोलल्या नाहीत. कुठेतरी भांडी आपटत होती.

"म्या तीन दिवस पेपर बगिटला," त्या म्हणाल्या. "काकांच्या हितं येऊन बगिटला. न्हाई दिसला म्हटल्यावर वाटलं, आपलं चुकलं आसंल बोलणं."

मी म्हटलं, "तुमचं चुकलं नव्हतं, मावशी. आज छापू का?"

"काय छापशील? सवदी कुठं गेला त्याचं मला काय न्हाई. माझं चित्राचं हाय. आठ दिवसांनी म्या त्ये परत सुलटं केलं, पोरींसाठी. फोटोवर कागद चिकटवला, गव्हाच्या खळीनं. बदलून दुसरं आलं तवर त्यो कागद तसाच हुता." मग थांबून म्हणाल्या, "आन् आता नाव घाल माझं. आता नोकरी न्हाई मला."

चौकटीत यावेळी तीन रकाने केले. मिरवणुकीचा एक फोटो चार कॉलमाचा होता, तो तीनवर आणला. वृत्तसंपादक पान बघायला आले, तिसऱ्या रकान्यावर थांबले. "ही प्रतिक्रिया कुठल्या पक्षाची?"

"अंगणवाडी सेविका, निवृत्त," मी म्हटलं. "तसंच छापायचं आहे."

त्यांनी त्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि सही केली. मी काकांना फोन करून मावशींच्या नावाची अक्षरं दोनदा वाचून घेतली. साडेदहाला पान सोडलं.