आठवा खांब

नागपूरजवळच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्याचं गावासाठी सांस्कृतिक केंद्र झालं, त्या दुरुस्तीवर मी देखरेखीला होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि वाड्याची देखभालही हळूहळू सुटली. पोळा होऊन गेला होता, संध्याकाळी दिवाणखान्यात खडी गंमत, म्हणजे विदर्भातलं लोकनाट्य, होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

सकाळी मिस्त्री सवयीनं सागाच्या आठही खांबांवर हातोडीचा दांडा मारत फिरले. सात खणखणीत वाजले. आठव्यापाशी ते थांबले. "मॅडम, हा बोलून नाही राहिला जी."

मी पेचकस टोचला. बोटभर आत गेला, ओला काळा भुगा घेऊन बाहेर आला.

जुन्या कारागिरांनी लाकूड कधी जमिनीवर टेकवलं नाही. खांब दगडी तळखड्यावर उभा, भोवती चुन्याची जमीन. खालची ओल चुन्यातून उडून जायची. पुढं कुणीतरी वर सिमेंटची फरशी ओतली, तळखडा बुडाला. सिमेंटमधून ओल बाहेर पडेना, ती खांबाच्या पायात चढली. पाहणीत मी तो खांब 'चांगला' लिहिला होता. तळाशी हात लावला नव्हता, हे मला आजही खुपतं.

दिवाणखाना बंद करायला सांगितला. "पाहुणे निघाले आहेत हो," समितीचे अध्यक्ष कळवळून म्हणाले. डोक्यावरच्या कडीपाटाचा, म्हणजे लाकडी छताचा, भार त्या खांबावर होता, मी ऐकलं नाही. अडचण सोडवली शाहिरांनी: "आमची गंमत उभ्यानंच असते जी. चौक द्या, झालं."

चौकावर ताडपत्री बांधली, लोक तिन्ही बाजूंच्या सोप्यात बसले. सातला पाऊस आला. दमट हवेनं डफ सैल पडत होता, म्हणून कोपऱ्यात शेगडी पेटवून पोरं तो मधूनमधून शेकत होती. दिवाणखान्यात इतकी माणसं मावली नसती. एक म्हातारी मला म्हणाली, लहानपणी तिनं गंमत इथंच, याच चौकात पाहिली होती.

आठवड्यानं जॅक लावून तुळई पेलली. खांबाचा कुजलेला दीड फूट कापला, जुन्या सागाचा तुकडा तिरक्या खाचेत बसवला. फरशी फोडली तेव्हा खाली तळखडा सापडला, त्यावर कोरलेल्या पाकळ्या जशाच्या तशा. तिथं आता पुन्हा चुन्याचीच जमीन आहे.

मग खणखणीत वाजलेल्या सातही खांबांचे पाय उघडले. दोन ओले निघाले.