मग त्या मोटरी चालवतं कोण?

पेशीत मोटरी असतात असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग त्या चालवतं कोण?" शाळेतली मुलं विचारतात, लग्नकार्यात भेटलेले काका-मामाही विचारतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज नीट बसून लिहिते.

या मोटरी म्हणजे कायनेसिन आणि डायनीन ही प्रथिनं. पेशीभर सूक्ष्मनलिकांचे रूळ पसरलेले असतात आणि त्यांवरून ही ओझी वाहतात; कायनेसिन बहुतेक वेळा पेशीच्या कडेकडे, डायनीन केंद्रकाकडे. कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. कमरेपासून पायाच्या पंजापर्यंत जाणारा चेतातंतू जवळपास मीटरभर लांब असतो. तेवढी वाट अशीच तुडवायची.

चालवणारं असं कुणीच नाही. पेशीनं खरी काळजी घेतलीय ती या मोटरी उगाच सुटू नयेत याची. ओझं नसलेलं कायनेसिन दुमडून बसतं, त्याचं शेपूटच त्याची पावलं अडवतं. शेपटाला ओझं लागलं की घडी उलगडते. डायनीनची दोन डोकी, म्हणजे पावलं टाकणारे भाग, तर एकमेकांत अडकून पडतात. तो आकार 'फाय' या ग्रीक अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला नावही तेच पडलं. चेतातंतूच्या टोकाशी पोचायला डायनीनला कायनेसिनच्याच खांद्यावर बसून जावं लागतं. वाटेत ते जागं झालं तर दोघांची रस्सीखेच सुरू होईल. म्हणून ते बंद असलेलंच बरं.

ते उघडतं कसं, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तो दिवस अजून आठवतो. काचेवर चिकटवलेल्या सूक्ष्मनलिका, त्यांवर सोडलेलं चमकतं डायनीन. ठिपके यायचे, टेकायचे, जागच्या जागी थरथरायचे आणि निघून जायचे. मग त्यात डायनॅक्टिन आणि बायकॉडल-डी२ ही दोन प्रथिनं घातली, आणि तेच ठिपके एका दिशेनं सरळ चालायला लागले. सस्तन प्राण्यांचं डायनीन लांब पल्ला गाठतं ते या दोघांच्या सोबतीनंच, हे २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं होतं. मला ते पाठ होतं. तरी पडद्यावर पाहताना अंगावर काटा आला.

आता लिस१. या प्रथिनात माझा जीव गुंतलाय. शुद्ध केलेल्या डायनीनमध्ये ते मिसळलं की डायनीन मंदावायचं, म्हणून बरीच वर्षं त्याला ब्रेक समजत होते. पण ज्या पेशींत लिस१ कमी, तिथे डायनीनची कामं अडायची. ब्रेक काढल्यावर गाडी थांबेल कशी? २०२० च्या सुमारास हा गुंता बराचसा सुटला. डायनीनची डोकी पुन्हा मिटू नयेत म्हणून लिस१ त्यांच्यामध्ये पाचर घालतं. तेवढ्यात डायनॅक्टिन येऊन जोडलं जातं. गाडी निघाली की बहुतेकदा लिस१ मागेच राहतं.

या पाचरीचं मोल गर्भात कळतं. नव्या चेतापेशी मेंदूच्या आतल्या भागातून बाहेरच्या थराकडे सरकतात, तेव्हा केंद्रक पुढे ओढायला डायनीन लागतं. लिस१ च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी प्रथिन निम्म्यावर येतं, पेशी वाटेतच अडकतात आणि मेंदूला वळ्या पडत नाहीत. या आजाराला लिसेन्सेफाली म्हणतात. अशा मुलांना झटके येतात, वाढ फार मागे राहते. हे जनुक १९९३ मध्ये सापडलं.

एकदा व्याख्यानानंतर एक आई थांबली होती. तिनं मोटरीबद्दल काही विचारलं नाही. "मग ते प्रथिन वाढवता नाही का येत?" एवढंच म्हणाली. मी तिला उंदरांवरचा २००९ चा प्रयोग सांगितला: लिस१ ला तोडणाऱ्या कॅल्पेन नावाच्या विकराला अडवलं, तर उरलेलं लिस१ जास्त टिकलं आणि पिल्लांचे मेंदू काही अंशी सुधारले. औषध गाभण उंदरीणीला दिलं होतं, हेही सांगितलं. तिचा मुलगा सहा वर्षांचा होता.