पावसाळ्यात आउटपुट मोजताना

किरणोपचारात रुग्णाला एका दिवसाला बहुतेकदा २ ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) डोस देतात. डोक्या-मानेच्या कर्करोगात असे ३३ ते ३५ दिवस, एकूण ६६ ते ७० ग्रे. हा डोस ५ टक्क्यांच्या आत बसायला हवा, आणि या ५ टक्क्यांत यंत्र, प्लॅन, रुग्णाची रोजची मांडणी सगळ्यांचाच वाटा असतो. दर महिन्याला तपासायच्या यंत्राच्या आउटपुटच्या, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष किती डोस देतं त्याच्या, वाट्याला जेमतेम २ टक्के येतात. कोकणात निव्वळ हवामानाचा आकडा चुकला तर हे २ टक्के कधी गेले ते कळतही नाही.

आपल्याकडची पद्धत: आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा टीआरएस-३९८ हा नियमसंच. ३० × ३० × ३० सेंटीमीटरचा पाण्याचा फँटम (रुग्णाच्या शरीराऐवजी वापरायची टाकी), स्रोतापासून पृष्ठभागापर्यंत अंतर १०० सेंटीमीटर, फील्ड (किरणांचा झोत) १० × १०, किरण मोजणारा चेंबर १० सेंटीमीटर खोलीवर. चेंबर ०.६ सीसीचा फार्मर. त्याचा कॅलिब्रेशनचा दाखला तुर्भ्याच्या बीएआरसीच्या प्रयोगशाळेतून येतो. दाखल्यावरचं संदर्भ तापमान २० अंश आहे की २२, हे आधी बघा. परदेशातून आलेल्या काही दाखल्यांवर २२ असतं आणि तेवढ्यावरून ०.७ टक्के इकडचे तिकडे होतात.

फार्मर चेंबर उघडा असतो, म्हणजे आतली हवा ही खोलीचीच हवा. हवा गरम झाली किंवा दाब उतरला की पोकळीतली हवा विरळ होते, चार्ज कमी जमतो आणि डोस खरा असूनही आकडा कमी दिसतो. त्यासाठी दुरुस्तीचा गुणक असतो, दाखला २० अंशांचा असेल तर: (२७३.१५ + तापमान) भागिले २९३.१५, गुणिले १०१३.२५ भागिले दाब. तापमानात १ अंश चुकलात की ०.३४ टक्के गेले, दाबात १ हेक्टोपास्कल चुकलात की ०.१ टक्का.

समजा जुलैतली दुपार आहे, लाइट जाऊन एसी तासभर बंद होता. पाणी २८.६ अंश, दाब १००४. गुणक येतो १.०३९. ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) क्ष-किरणांवर १०० एमयूला (मॉनिटर युनिट, यंत्र स्वतः किरण मोजतं ते एकक) १२.० नॅनोकूलोम चार्ज मिळाला. दाखल्याचा गुणक ५.३६ सेंटीग्रे प्रति नॅनोकूलोम, किरणांच्या ऊर्जेचा ०.९९०, रिकॉम्बिनेशन (चार्ज जमताना होणारी घट) आणि पोलॅरिटी (व्होल्टेजच्या दिशेने पडणारा फरक) मिळून १.००४. गुणाकार केला की १० सेंटीमीटरवर ६६.४ सेंटीग्रे. एवढ्या खोलवरचा डोस कमाल डोसच्या ६६.६ टक्के धरला तर जिथे डोस कमाल असतो तिथे ९९.७. १०० एमयूला १०० सेंटीग्रे हवेत, म्हणजे यंत्र ठीक आहे. हवामानाचा गुणक विसरला असता तर हाच आकडा ९६.० दिसला असता, यंत्र ४ टक्के खाली आहे म्हणून कुणीतरी ते वर चढवलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक रुग्णाला ४ टक्के जास्त गेले असते.

गुणक कोणी विसरत नाही म्हणा, एक्सेलमध्ये तो असतोच. चूक होते ती दाबाच्या आकड्यात. मोबाइलवर किंवा हवामान खात्याच्या पानावर दिसणारा दाब समुद्रसपाटीवर आणलेला असतो. खाडीकाठच्या रुग्णालयात त्याने फारसं बिघडत नाही. पण कोकणातली बरीच मोठी बांधकामं सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावर, असतात. १०० मीटर वर गेलं की दाब सुमारे १२ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे १.२ टक्के. तीच सवय घेऊन माणूस घाट चढून कोल्हापूरला नोकरीला गेला, तर तिथे साधारण ५५० मीटर उंचीवर खरा दाब ९५० च्या आसपास, आणि चूक सहा टक्क्यांवर. बॅरोमीटर बंकरशेजारी (यंत्राच्या जाड भिंतींच्या खोलीशेजारी), त्याच मजल्यावर ठेवा. अ‍ॅनेरॉइड असेल तर मागचा स्क्रू कुणी समुद्रसपाटीला जुळवून ठेवलेला नाही ना, हे तपासा. जानेवारीत १०१३ आणि जुलैत १००४ ही कोकणातली नेहमीची चढउतार आहे. वर्षभर आकडा एकाच जागी चिकटून बसला असेल तर बॅरोमीटर अडकलाय.

तापमान पाण्याचं घ्यायचं, खोलीचं नाही, आणि तेही चेंबरजवळ थर्मामीटर बुडवून. टाकीतलं पाणी २८ अंशांवर येतं आणि बंकर २२ वर. फँटम आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. रात्रभर उघडा राहिला तर बाष्पीभवनाने पाणी खोलीपेक्षा अर्धा-एक अंश थंड होतं, म्हणून झाकण लावा.

दमटपणाची भीती मात्र चुकीच्या जागी बाळगली जाते. सापेक्ष आर्द्रता २० ते ८० टक्के असेल तर पोकळीतल्या हवेसाठी वेगळी दुरुस्ती लागत नाही. खरी अडचण चेंबर आणि इलेक्ट्रोमीटर (चार्ज मोजणारं यंत्र) यांच्यातल्या केबलच्या जोडांची. ट्रायअ‍ॅक्शियल केबलच्या टोकाला पांढऱ्या इन्सुलेटरवर ओलाव्याचा पातळ थर बसतो, खारा वारा असेल तर त्यात मीठही, आणि गळती सुरू होते. तपासायला सोपं आहे: बीम बंद, व्होल्टेज चालू, ६० सेकंद आकडा जमू द्या. ६०० एमयू प्रति मिनिटाला १२ नॅनोकूलोम १० सेकंदांत येतात, म्हणून ०.१ टक्का गळती म्हणजे मिनिटाला ०.०७ नॅनोकूलोम. चांगल्या संचात यातलं काहीच दिसत नाही. ०.०१ दिसलं तरी जोड काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. इन्सुलेटरला बोट लावू नका. फुंकर तर मुळीच मारू नका. तोंडातली वाफ जाते तीही तिथेच.

दव हा आणखी एक प्रकार. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास असतो. एसी गाडीतून किंवा २२ अंशांच्या कपाटातून आणलेला इलेक्ट्रोमीटर अशा खोलीत उघडला की चष्म्यासारखाच ओला होतो, आतून. पेटी बंदच ठेवून तासभर थांबा. पेटीत सिलिका जेल असतंच, पण गुलाबी झालेलं जेल कुणी बदलत नाही. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ते पुन्हा निळं होतं.

कोबाल्टचं (किरणोत्सर्गी स्रोताचं) यंत्र असेल तर दर महिन्याला आउटपुट १.१ टक्क्याने उतरायला हवं, कारण अर्धायुष्य ५.२७ वर्षं. तक्ता आहे म्हणून मोजणं सोडू नये. १९७४ ते ७६ मध्ये ओहायोतल्या एका रुग्णालयात घटीचा आलेख चुकीचा काढला गेला, बावीस महिने प्रत्यक्ष कुणी मोजलं नाही, आणि ४२६ रुग्णांना जास्त डोस गेला.

आता रुग्णाच्या अंगावरची मोजणी. कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा टीएलडी बॅज (डोस साठवून ठेवणारा, तापवल्यावर प्रकाशातून तो सांगणारा) कॅल्शियम सल्फेटचा असतो, तो यासाठी नाही. रुग्णासाठी लिथियम फ्लोराइडच्या ३ मिलिमीटरच्या चकत्या, कारण त्या ऊतींच्या जास्त जवळ वागतात. वापरण्याआधी त्या ओव्हनमध्ये ४०० अंशांवर १ तास तापवा, मग १०० अंशांवर २ तास. चिमट्याने उचला, बोटाचं तेल ओव्हनमध्ये जळून डाग धरतं. १ ग्रेच्या वर त्यांचा प्रतिसाद सरळ रेषेत राहत नाही, म्हणून २ ग्रे मोजायचे असतील तर कॅलिब्रेशनही २ ग्रेलाच करा. घामाने ओल्या होऊ नयेत म्हणून पॉलिथिनच्या पुडीत सील करून लावतात.

डायोड (त्वचेवर चिकटवायचा छोटा अर्धवाहक डोसमापक) लगेच आकडा देतो, पण त्याला ताप चढतो. २२ अंशांवर कॅलिब्रेट केलेला डायोड ३२ अंशांच्या त्वचेवर दोन-तीन मिनिटं बसला की, अंशाला ०.३ टक्का धरला तरी, ३ टक्के जास्त सांगतो. त्याच्या सावलीतला डोसही कमी होतो, म्हणून रोज त्याच ठिपक्यावर लावू नका. आकडा ५ टक्क्यांबाहेर गेला तर आधी अंतर पुन्हा मोजा, मग वेज (किरणांच्या वाटेतली पाचर) आणि बोलस (त्वचेवर ठेवायचा ऊतीसारखा थर), मग डायोड सरकला का ते. यंत्राचा संशय सगळ्यात शेवटी.

एका ठिकाणी, किरण शिरतात त्या बाजूला लावलेला डायोड उलटंच सांगतो. मिश्री-तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेला माणूस गिळता येत नाही म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाळतो, डोकं जागेवर धरणारा प्लास्टिकचा मुखवटा सैल होतो. त्या बाजूची जाडी १ सेंटीमीटरने घटली की त्वचा स्रोतापासून लांब जाते आणि डायोड सुमारे २ टक्के कमी दाखवतो. आत गाठीपाशी मात्र वाटेतलं मांस कमी झाल्यामुळे ३ ते ४ टक्के जास्त पोचतात. त्या आकड्याकडे बघून एमयू वाढवू नका. डायोड बाहेर पडण्याच्या बाजूला लावा, मुखवटा आणि गाल यांच्यात बोट जातंय का बघा, आणि जात असेल तर नवा सीटी मागा.